नीलमोहराचा जामीन

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हातावरची मेंदी पुरती सुकलेली नसताना, मी माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, फाटकाजवळचं झाड गुलमोहर नाही."

चहाचा कप त्यांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "गुलमोहरच आहे."

त्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मोताळ्यात आमच्या गल्लीत डांबरी रस्ता झाला, तो उखडला, परत झाला. मी जीवशास्त्राची ज्युनिअर कॉलेजात शिक्षिका होते ती विभागप्रमुख झाले. मला मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली. फक्त ते झाड गुलमोहरच राहिलं, कारण माझे सासरे चिंतामण दत्तात्रय यांनी तसं ठरवलं होतं.

आता यात चिडण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मला अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. अहो, मी हे विषय म्हणून शिकवते! गुलमोहर आणि नीलमोहर लांबून जुळे भाऊ वाटतात, मान्य. दोघांची तीच पिसांसारखी बारीक पानं, तीच पसरट सावली. पण नात्यागोत्याचा काडीचा संबंध नाही. गुलमोहर चिंचेच्या, आपट्याच्या भावकीतला. नीलमोहर बुचाच्या आणि टेटूच्या घरातला. फुलं आली की शेंबडं पोरही फरक सांगेल. एकाची लालभडक, दुसऱ्याची निळी-जांभळी, घंटीसारखी. फुलं नसतील तर पानाजवळ जायचं. गुलमोहराचं एक पान फांदीच्या या अंगाला, तर पुढचं त्या अंगाला. नीलमोहराची दोन पानं समोरासमोर बसतात. गुलमोहराच्या काडीवर पानोळ्यांच्या, म्हणजे बारीक पर्णिकांच्या, जोड्याच जोड्या, शेवटही जोडीनेच. नीलमोहराच्या काडीच्या टोकाला मात्र एक पानोळं एकटंच असतं, जरा मोठं आणि टोकदार.

हे मी बाबांना किती वेळा दाखवलं असेल? शेजारच्या उकंडरावांच्या अंगणात खराखुरा गुलमोहर होता, भिंतीवरून आमच्याकडे वाकलेला. त्याची डहाळी एका हातात, आमच्या झाडाची दुसऱ्या हातात, अशी मी बाबांसमोर उभी राहत असे. ते दोन्ही डहाळ्या घेत, शांतपणे बघत आणि म्हणत, "पानं सारखीच आहेत. नोंदवहीत गुलमोहर आहे."

नोंदवही! बाबा एका सरकारी रोपवाटिकेत हेडक्लार्क होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी गावोगावी फुलझाडं वाटायची योजना आली होती. शंभर गुलमोहर, शंभर नीलमोहर. त्यातलंच उरलेलं एक रोप त्यांनी घरी आणून लावलं, कारण आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुलमोहर फार आवडायचा. त्यांच्या माहेरी लोणारला दाराशी होता. म्हणजे बायकोसाठी हौसेने आणलेलं झाड, आणि अठरा वर्षांत त्याला एक फूल नाही.

फूल कसं येणार? बाबा दर माघात शिडी लावून वर चढत आणि शेंडे छाटून टाकत. मी खाली उभी राहून ओरडत असे, "बाबा, या दिवसांत छाटलं की कळ्या जातात! पावसाळ्यात छाटा!" वरून उत्तर यायचं, "गुलमोहराला छाटणी लागते." मी शंतनुकडे, माझ्या नवऱ्याकडे, बघायचे. शंतनु विम्याचं काम करतो, सगळ्यांना भविष्याची काळजी लावतो, पण घरात त्याचं एकच वाक्य, "जाऊ दे ना भार्गवी, त्यांचं वय बघ."

छाटणीशिवाय इतर उपायही चालू होते. आमच्या भागात न फुलणाऱ्या झाडाला सरळ करायचे जेवढे प्रकार आहेत तेवढे सगळे झाले. बुंध्याला जुनी चप्पल टांगली. खराट्याने झोडपलं. बुडाशी गंजके खिळे पुरले. एकदा तर बाबांना मी बुडाशी मिठाचा डबा रिकामा करताना पकडलं. डबा आईंचा होता. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने नाव लिहिलेलं असतं, टपोऱ्या, गोल अक्षरात. 'मीठ' असं झाडाखाली पडलेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, मिठानं झाड फुलत नाही, मरतं." ते म्हणाले, "बरं," आणि डबा घेऊन आत गेले.

आई या सगळ्यात कधी तोंड उघडत नसत. मी एकदा चिडून त्यांनाच विचारलं, "तुम्हाला तरी पटतं का हे?" त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "ते म्हणतात ना गुलमोहर? मग असू दे." मी कपाळावर हात मारून घेतला.

पाडव्याचा प्रकार सुरू केला तो उकंडरावांनी. उकंडराव शेतकरी माणूस, जिभेवर ताबा नाही आणि मनात पाप नाही. दोन वर्षांपूर्वी भिंतीवर कोपरं टेकवून ते म्हणाले, "चिंतामणभाऊ, हे झाड असं गोडीनं ऐकत नसते. त्याले धाक दाखवा लागते."

"कसला धाक?"

"कुऱ्हाडीचा! आमच्या बुढ्यानं आंब्याले दाखवला होता. पाडव्याच्या सकायी कुऱ्हाड घ्याची, बुंध्याले लावाची अन् मोठ्यानं म्हणाचं, तोडतो बे तुले. तेवढ्यात घरातल्या बाईनं म्होरं याचं अन् म्हणाचं, नोका तोडू, पुढच्या साली फुलते, मी जामीन. दोन डाव जामीन चालते. तिसऱ्या पाडव्याले काही जामीन-बिमीन नाही. खरंच तोडाचं."

"आणि आंबा फुलला?"

"दुसऱ्याच साली! लदलद लागला, बाप्पा."

मला वाटलं, एवढे नियम, नोंदवह्या मानणारा हेडक्लार्क याला हसून नाही म्हणेल. कसचं काय. त्या पाडव्याला गुढी उभारून झाली आणि बाबा कुऱ्हाड घेऊन झाडापाशी गेले. आई पदर खोचून पुढे आल्या, बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नका तोडू. पुढच्या वर्षी फुलेल. मी जामीन." पुढच्या वर्षी परत तेच. मी गॅलरीतून बघत होते आणि उद्या वर्गात वनस्पतिशास्त्र कोणत्या तोंडाने शिकवायचं याचा विचार करत होते.

म्हणजे यंदाचा पाडवा तिसरा. आणि यंदा आणखी एक गोष्ट झाली होती. जानेवारीत बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिडीवर चढायला सक्त मनाई केली. माघ कोरडा गेला. झाडाचे शेंडे तसेच राहिले.

होळी झाल्यावर चार-पाच दिवसांनी, मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी बाई फाटकाशी आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. "झाडं वाटणारे साहेब इथंच राह्यतेत काय?"

बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. मी उत्तरपत्रिका तपासत बाजूलाच बसले होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. आई आतून बाहेर डोकावल्या तेव्हा बाबा म्हणाले, "शकू, चहा टाक." आई आत गेल्या.

"म्या धामणगाव बढ्याची. सोजराबाई," ती म्हणाली. "तुमी आमच्या गावात झाडं देल्ले होते, साहेब. लय वर्सं झाले. शाळेच्या भितीपाशी अकरा लावले होते लोकायनं, बारावं म्या माह्या गोठ्यापाशी."

"बरं."

"यंदा फुललं, साहेब! पण हे पाहा." तिने पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. आत निळी-जांभळी फुलं होती, कोमेजलेली, पण रंग जागच्या जागी. "लाल येतीन म्हणून सांगतलं होतं. आले निये. गावात कोणालेच मालूम नाही हे कोणचं झाड. म्हटलं साहेबायलेच विचारावं, याचं नाव काय?"

मी जागेवरून जवळजवळ उडालेच. नऊ वर्षांचा माझा पुरावा फडक्यात बांधून स्वतःच्या पायांनी घरी आला होता. "नीलमोहर!" मी ओरडले. "आजी, हा नीलमोहर. बाबा, बघा! आता तरी बघा!"

"हळू बोल," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"अन् बाकीचे अकरा?" मी विचारलं. "शाळेजवळचे?"

"ते तोडले नं बाई. सहा-सात वर्सं वाट पाह्यली. फूल नाही, फळ नाही. लोक म्हणे, वांझ झाड शाळेपाशी काऊन ठेवता? तोडून टाकले. माह्यं राह्यलं, काऊन का म्या त्याले बकरी बांधत होती." ती पिशवीत परत चाचपू लागली. "हे चकतीबी आनली म्या. वाचता येत नाही मले, पण अक्षर लय गोजिरं, म्हणून जपून ठेवली."

पत्र्याची छोटी चकती होती, भोकात तार अडकवलेली. त्यावर ऑइलपेंटने 'गुलमोहर' असं टपोऱ्या, गोल अक्षरात लिहिलेलं. मागे एक आकडा. ऑफिसने कुणा पेंटरकडून करून घेतलं असेल, असं मला वाटलं. विभागप्रमुख असून मला एवढंच वाटलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आतून कपबशांचा आवाज आला तसे बाबा चपळाईने उठले, फुलांच्या फडक्यावर पेपर टाकला, चकती सोजराबाईंच्या मुठीत परत कोंबली. "हे तुमच्याजवळच राहू द्या. कुणाला दाखवू नका."

आई चहा घेऊन आल्या. सोजराबाईने चहा घेतला, आईंच्या हातचा लाडू पदरात बांधला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नीलमोहर नं? ध्यानात ठेवते." आणि गेली.

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी दम धरला. आई कपबशा घेऊन आत गेल्या आणि मी सुटले. "बाबा, अकरा झाडं तोडली लोकांनी! कुणीतरी चकत्या उलट्यापालट्या केल्या आणि तुम्हाला ते मान्य करवत नाही! एवढा कसला अभिमान? चूक झाली, झाली. म्हणायचं."

"पाडव्याला झाड तुटेल," ते म्हणाले. "विषय संपला."

"तुम्हाला कळतंय ना, की तो नीलमोहर आहे?"

"गुलमोहर आहे," ते म्हणाले, आणि फुलांचं फडकं पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत तळाशी घातलं.

मी खोटं सांगत नाही, त्या दिवशी मला त्या माणसाची शिसारी आली. आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. झाड फुललं तर साऱ्या गल्लीसमोर हेडक्लार्कची चूक उघडी पडेल. म्हणून दरवर्षी छाटणी. म्हणून मीठ. नुसता हट्टी म्हातारा असता तर मी सोसलं असतं. हा तर बिनचूक म्हणवून घेण्यासाठी जिवंत झाड मारायला निघाला होता.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेले. वर बघितलं आणि ताटच ठेवून दिलं. शेंड्यांवर कळ्या होत्या. बारीक, हिरवट-जांभळ्या, झुपक्यांनी. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. बाबा देवघरापाशी होते.

"कळ्या आल्यात. वर शेंड्याला."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता हा माणूस रागावेल किंवा गप्प बसेल. ते म्हणाले, "शकूला सांगितलंस?"

"नाही अजून. का?"

"सांगू नको," ते म्हणाले. "भार्गवी, एवढं ऐक माझं. सांगू नको तिला."

मी वैतागाने हातच टेकले. बायकोसमोरसुद्धा चूक कबूल करायची नाही! पन्नास वर्षांच्या संसारात तिथेही हेडक्लार्क! संध्याकाळी मी शंतनुला निर्वाणीचं सांगितलं, की पाडव्याला झाडावर कुऱ्हाड पडली तर मी माहेरी निघून जाईन. तो म्हणाला, "बघू." विमेवाल्या माणसाने संकट दारात आल्यावर "बघू" म्हणावं, यापुढे काय बोलायचं?

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. गाठी, कडुलिंब, सगळं झालं. उकंडराव नवा पांढरा सदरा घालून, कुऱ्हाडीला ताजी धार लावून हजर. गल्लीतली दोन-चार माणसंही जमली, कारण उकंडरावांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं की तिसरा पाडवा हाय, पाहाले या. मी दोन्ही डहाळ्या घेऊन फाटकापाशी उभी होते, शेवटचं भाषण तोंडपाठ करून.

पण बाबांनी कुणाला बोलायला वेळच दिला नाही. त्यांनी कुऱ्हाड उकंडरावांच्या हातातून घेतली. "तोडतो" वगैरे काही म्हटलं नाही. सरळ उगारली आणि घातली. शहात्तर वर्षांच्या हाताचा घाव, पण धार नवी होती. साल फाटून आतलं पांढरं लाकूड दिसलं. वरून थोडी पानं गळाली आणि त्यांच्यासोबत दोन-तीन कळ्या.

"अवं भाऊ, थांबा नं! आधी बोलाचं असते!" उकंडराव ओरडले.

बाबांनी परत कुऱ्हाड उचलली आणि आई आल्या. घाईने नाही. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर पाडव्याचं ताजं कुंकू. त्या बुंध्याच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि घावावर हात ठेवला.

"मी जामीन," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तिसऱ्या खेपेले जामीन चालत नाही," उकंडरावांनी नियम सांगितला.

"उकंडभाऊ, तुम्ही जरा गप बसा." आईंना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग त्या बाबांकडे वळल्या. "कुऱ्हाड खाली ठेवा. हा नीलमोहर आहे."

माझ्या हातातल्या डहाळ्या खाली पडल्या.

"गुलमोहर आहे, शकू," बाबा म्हणाले. इतक्या मऊपणे त्यांना कुणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं. "बाजूला हो."

"नीलमोहर. आणि ती चूक मी लिहिलेल्या चकत्यांची, तेही मला ठाऊक आहे."

बाबांचा हात खाली आला. कुऱ्हाडीचं पातं मातीला टेकलं.

तिथे उभ्या उभ्या, दोघांच्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांतून मला जे कळलं ते असं. त्या वर्षी ऑफिसात पेंटर मिळेना. बाबांनी दोनशे कोऱ्या चकत्या घरी आणल्या, ऑफिसचं काम घरी आणू नये हा नियम आयुष्यात एकदाच मोडून, आणि आईंना लिहायला दिल्या. पुढे झाडाचं नाव, मागे त्या रोपांच्या लॉटचा आकडा टाकायचा. आई आठ दिवस ओसरीवर बसून लिहीत होत्या. लग्नाआधी त्यांना शिक्षिका व्हायचं होतं, अर्ज भरून झाला होता, पण होणाऱ्या सासरच्यांनी नको म्हटलं. त्या दोनशे चकत्या म्हणजे त्यांचं घराबाहेर गेलेलं एकुलतं एक लिखाण. आणि मागचे आकडे त्यांच्याकडून उलटे पडले, गुलमोहराच्या चकतीवर नीलमोहराचा आणि नीलमोहराच्या चकतीवर गुलमोहराचा. मजुरांनी आकडा बघून चकत्या बांधल्या.

ज्यांना नीलमोहर म्हणून गुलमोहर मिळाला, त्यांच्याकडे पाचव्या वर्षीच लाल फुलं आली. त्यांनी तक्रार कशाला करायची! बाबा कुणाच्या लग्नाला गेले असताना ती लाल फुलं आणि खाली 'नीलमोहर'ची चकती त्यांनी पाहिली. घरी येऊन फाटकाजवळच्या झाडाचं पान पाहिलं. त्या माघापासून शिडी सुरू झाली.

"तुझं अक्षर गावोगावी गेलं होतं," बाबा मातीकडे बघत म्हणाले. "तू सगळ्यांना सांगत नव्हतीस, पण मला सांगायचीस. दोनशे झाडांवर माझं अक्षर आहे, असं. ते चुकून गेलं, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मला सूनबाईने सांगितलं," आई म्हणाल्या. "आल्या आल्या, दुसऱ्याच दिवशी. मी आत होते, ऐकलं. दुपारी आपल्या झाडाची जुनी चकती काढून मागचा आकडा पाहिला."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. तुम्ही माझ्यासाठी गुलमोहर म्हणत होतात, मग म्हटलं, म्हणू द्या. दोन पाडवे मी जामीन राहिले, ते काय गुलमोहराला?" त्यांचा आवाज आता चढला. "पण त्या सोजराबाई आल्या तेव्हा मी कपबशा विसळत सगळं ऐकत होते. अकरा झाडं तोडली लोकांनी. वांझ म्हणून! माझ्या हातच्या आकड्यामुळे. आणि तुम्ही मला वाचवायला आणखी एक तोडता? नाही वाचायचं मला तसं."

उकंडरावांनी पुढे होऊन बाबांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि भिंतीपलीकडे आपल्या अंगणात टाकून दिली. "म्या सांगतलं होतं," ते नाक ओढत म्हणाले, "तिसऱ्या साली फुलते म्हणून."

मी खाली पडलेल्या डहाळ्या उचलल्या. नऊ वर्षं मी ज्या दोघांना पानोळी मोजून दाखवत होते त्या दोघांनाही झाड माहीत होतं. एकानेही मला सांगितलं नाही. दोन गप्प माणसं लांबून मला एकसारखी हट्टी वाटली आणि मी, जीवशास्त्राची विभागप्रमुख, जवळ जाऊन कधी पाहिलं नाही. राग कुणाचा करावा तेच कळेना, म्हणून मी शंतनुवर ओरडले. तो म्हणाला, "मी कुठे काय केलं?" तेच तर.

पंधरा दिवसांनी झाड फुललं. घावाच्या जागी आईंनी शेणमाती लिंपली होती. भिंतीपलीकडे लाल, अलीकडे निळं, आणि खाली दोन्हींचा सडा मिसळलेला. उकंडरावांच्या गुलमोहराची फुलं आमच्या अंगणात पडली की बाबा दरवर्षी सकाळी उठून ती तावातावाने झाडून काढायचे. यंदा कामवाल्या बाईने खराटा उचलला तर तिला म्हणाले, "राहू दे आज."

पण आईंचं तेवढ्याने भागणार नव्हतं. त्यांनी मला सोजराबाईंकडे पाठवून मागच्या मोसमाच्या नाही तर या मोसमाच्या, मिळतील तशा शेंगा मागवल्या. सोजराबाईंच्या झाडाला खालच्या फांदीवर गेल्या वर्षी, कुणाच्या नजरेत न आलेली एखाद-दोन फुलं आली असावीत. तीन चपट्या, वाळलेल्या शेंगा मिळाल्या. गोल, डबीसारख्या. आतलं बी कागदासारखं पातळ. आईंनी ते दुधाच्या पिशव्यांत लावलं. मीच लावणार होते, पण मला हात लावू दिला नाही.

श्रावणात सोळा रोपं वीतभर झाली. धामणगाव बढ्याच्या शाळेत मी फोन करून ठेवला होता, तोडलेल्या झाडांच्या जागी लावायला रोपं आणतोय म्हणून. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ओसरीवर पत्र्याच्या कोऱ्या चकत्या, ब्रश आणि ऑइलपेंटची डबी मांडलेली दिसली. आईंनी ब्रश हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या.

"भार्गवीला लिहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून परत काही उलटंसुलटं झालं तर?"

मी पुढे झाले. बाबांनी मला हाताने थांबवलं. त्यांनी एक रोप मांडीजवळ ओढलं, ऑपरेशन झालेला डोळा पानाला चिकटवला, काडीच्या टोकाचं एकटं पानोळं दोन बोटांत धरलं आणि मला दाखवलं. मला! "हे बघ, शेवटी एकटं असतं. म्हणजे नीलमोहर." मी दात-ओठ खात मान हलवली.

मग त्यांनी ते रोप आईंच्या पुढ्यात ठेवलं आणि दुसरं उचललं. "तू लिही, शकू," ते म्हणाले. "पानं मी तपासतो."

अकरा चकत्या झाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं.